उधारीची कांदाचाळ

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. विसरलो म्हणून नाही. विसरता आलं असतं तर आज लिहीत बसलो नसतो. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात हार घातल्यावर मी म्हणालो होतो, "नोकरीत मी कुणाचा एक रुपया घेतला नाही." टाळ्या पडल्या. ते वाक्य खरं आहे, आजही मी ते कुणाच्याही डोळ्यांत बघून म्हणू शकतो. पण त्याच वाक्याच्या आडोशाला उभं राहून मी एका बाईचं जे केलं, ते पैसे खाण्याहून वाईट होतं. पैसे खाल्ले असते तर निदान परत तरी करता आले असते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती बाई मला आवडत नव्हती. आजही आवडत नाही. म्हातारपणी पश्चात्ताप झाला की माणसं, ज्याचं वाईट केलं त्याला देवमाणूस करून टाकतात. मी तसं करणार नाही. ती तोंडाळ होती, हट्टी होती, आणि चारचौघांत दुसऱ्याला उघडं पाडण्यात तिला मजा यायची. मी जे केलं त्याचं कारण म्हणून हे सांगत नाही. तिचा राग मी किती स्वस्तात काढला, ते कळावं म्हणून सांगतो.

शेतीशी संबंधित एका सरकारी खात्यात मी गावोगाव फिरायच्या नोकरीत होतो. इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या घरून सकाळी स्कूटर काढायची, दिवसभर माझ्याकडच्या गावांत हिंडायचं, संध्याकाळी कागद घेऊन कार्यालयात. सरकार शेतकऱ्याला अनुदान देतं, पण देण्याआधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं की ज्या वस्तूसाठी पैसे मागितले ती खरोखर उभी आहे की नाही. तो बघणारा मी. शेतकरी आणि त्याचे पैसे यांच्यामध्ये माझी एक सही असायची. एवढीशी सही, पण तिच्यापुढे लोक खुर्ची पुसून द्यायचे.

माळव्यात कांदा फार. निघतो तेव्हा भाव पडलेला असतो, म्हणून तो काही महिने साठवायला हवाशीर कांदाचाळ लागते. आमच्या कागदांत तिला 'प्याज भंडार गृह' म्हणत. शेतकऱ्यानं आधी मंजुरी घ्यायची, मग स्वतःच्या खर्चानं चाळ बांधायची, मग मी जाऊन मोजायची फीत लावायची. माप बरोबर निघालं की शेतकऱ्याच्या हातात नावाची पाटी द्यायची, त्याला चाळीपुढे उभं करायचं आणि फोटो काढायचा. फोटो वर गेला की अर्धा खर्च त्याच्या खात्यात जमा.

आता आमच्यातली एक जुनी पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच घसरलं. मार्च संपत आला की वरून आकडा मागत. इतक्या चाळी झाल्याच पाहिजेत. आणि दर वर्षी दोन-तीन शेतकरी असे असत ज्यांची मंजुरी झालेली, पण चाळ अजून पायाभरणीतच. अशा वेळी आम्ही त्या माणसाला शेजारच्या कुणाच्या तरी तयार चाळीपुढे उभं करून फोटो घेत असू. त्याला आम्ही 'उधारीचा फोटो' म्हणायचो. जून-जुलैत त्याची स्वतःची चाळ उभी राहिली की खरा फोटो काढायचा, फाइलीतला जुना काढून नवा डकवायचा. कुणाचं नुकसान नाही, सरकारचा आकडा पूर्ण, शेतकरी खूश. माझ्या आधीच्या लोकांनी हेच केलं, मीही वर्षानुवर्षं केलं, आणि त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही.

ती बाई इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या गावातली. नवरा वारल्यावर दिराशी भांडून तिनं जमीन स्वतःच्या नावावर करून घेतलेली. एकुलती मुलगी देवासला दिलेली. शेती ती स्वतः बघायची. कुणापुढे पदर पसरणारी नव्हती; ट्रॅक्टर तिचा, विहीर तिची, मंडईत भाव करायला स्वतः जायची. तिनं चाळ बांधली ती अगदी नकाशाबरहुकूम. बांबूच्या पट्ट्या एका मापाच्या, वर पत्रे, दोन टोकांना विटांच्या भिंती, खाली हवा खेळायला जागा. माझ्या सगळ्या गावांत इतकी नीट चाळ दुसरी नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी मी मापाला गेलो. बरोबर गावचे माजी सरपंच होते. त्यांचं शेत तिच्या शेताला लागून, आणि त्यांनाही चाळ मंजूर झालेली. तिचे दोन मजूरही तिथंच होते. माझी फीत कापडी, बरीच जुनी. मी लांबी घेत होतो तर ती म्हणाली, "साब, फीतो ताणी के पकड़ो. बीच में पेट छोड़ी रियो हे."

मी फीत ताणली. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या पोटापाशी थांबली आणि मजुरांना म्हणाली, "जसो साब, वसोज फीतो."

मजूर हसले. माजी सरपंच तर मांडीवर थाप मारून हसले. मीही हसलो, कारण तिथं दुसरं काही करता येत नव्हतं. तिनं घरातून स्वतःची लोखंडी फीत आणून माझ्या हातात दिली. "ये लो. यो सच बोले हे."

खालच्या फळीची, म्हणजे कांदा ज्यावर पसरतात त्या बांबूच्या तळाची, उंची मोजायला मी वाकलो तेव्हा माझे कान गरम झालेले होते. जमिनीपासून फळी दोन फूट उंच पाहिजे असा नियम. तीन कोपऱ्यांत बरोबर भरली. चौथ्या कोपऱ्यात खड्डे खणल्याची माती पडलेली होती, तिथं चार बोटं कमी आली. फावड्यानं दहा मिनिटांत माती ओढली असती तर माप पूर्ण झालं असतं. मला ते दिसत होतं. तिलाही दिसलं.

"माटी खींच दूँ? अभी बराबर हुई जाए."

"माती ओढून उंची होत नसते," मी हिंदीत म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाऊस आला की परत भरेल. फळी उचलावी लागेल. चारी बाजूंनी."

असा कुठलाही नियम नव्हता. तो मी तिथंच, वाकलेल्या अवस्थेत तयार केला.

तिनं चार बोटं उभी धरून दाखवली. "चार आंगळ के लिए पूरो फर्श?"

"चार असो की एक. कम है तो कम है."

मी फाइलीवर 'उंची अपूर्ण, दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणी' असं लिहिलं. परत येताना माजी सरपंच माझ्या स्कूटरपाशी येऊन म्हणाले, "मराठी साब, आज आपने सही नस पकड़ी इसकी." मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू, घरी पोचेपर्यंत मला बरं वाटत होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिल्हा कार्यालयातून फोनवर फोन. माझ्या हद्दीत एक चाळ कमी पडत होती. माजी सरपंचांची मंजुरी होती, पण त्यांनी दगडांच्या दोन ओळींपलीकडे काही केलेलं नव्हतं. मी गावात गेलो. ते म्हणाले, "फोटो ही तो चाहिए ना? पास में खड़ी है बनी-बनाई. मालकिन बेटी के घर गई है, देवास."

मी त्यांना तिच्या चाळीपुढे उभं केलं. हातात पाटी दिली. ज्या चाळीला मी महिनाभरापूर्वी चार बोटं कमी म्हणून नापास केलं होतं, तिचं माप मी त्यांच्या नावापुढे 'पूर्ण' असं भरलं. कोपऱ्यातली माती तशीच होती. फोटो काढताना ती फोटोत येऊ नये म्हणून मी त्यांना दोन पावलं डावीकडे सरकायला सांगितलं.

मी मनात म्हणत होतो, पावसाळ्याआधी यांची चाळ होईल, फोटो बदलून टाकू. पण त्या वर्षापासून फोटो मोबाइलमधून थेट वर जायला लागले होते आणि फोटोबरोबर जागाही जात होती. फाइल उघडून डकवलेला कागद काढावा, तशी सोय आता नव्हती. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं. मी मागच्या रांगेत बसून पेपर वाचत होतो.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "आओ साब, नापी लो."

तिनं खरोखर सगळी फळी उचलली होती. बांबूच्या पट्ट्या एक-एक सोडवून, खाली विटांचा थर देऊन, परत बांधल्या होत्या. चारी बाजूंनी. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या दिसल्या. मजूर लावले असतील, पण ती बघत बसणाऱ्यांतली नव्हती. या वेळी माप नियमापेक्षा जास्तच आलं. ती लोखंडी फीत माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी मुकाट्यानं तिच्या हातात पाटी दिली, फोटो काढला आणि पाठवला.

पंधरा दिवसांनी इंदूरच्या पलासिया भागातल्या एका चहाच्या दुकानात मला माझे वरिष्ठ भेटायला बोलावतात असा निरोप आला. कार्यालयात न बोलावता दुकानात, तेव्हाच मी ओळखलं. ते माझ्या मुलाच्या वयाचे, नुकतेच बदलून आलेले. मोबाइल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "सर, आप सीनियर हो, आप ही बताओ. एक लोकेशन पे दो फाइल कैसे?"

मी पाहिलं. तीच चाळ, तेच पत्रे. एका फोटोत माजी सरपंच, दुसऱ्यात ती.

मी त्यांना सगळं सांगितलं. उधारीचा फोटो, मार्च, आकडा. ते ऐकत होते. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पहले वाले का पेमेंट हो चुका है. वो गलत निकला तो रिकवरी, इन्क्वायरी, आपका नाम, मेरा नाम. आपके रिटायरमेंट में कितना बचा है?"

"दोन वर्षं."

"तो सोच लो. दूसरे का पेमेंट अभी हुआ नहीं है. उसको रोकने में किसी का कुछ नहीं जाता."

किसी का कुछ नहीं जाता. त्यांनी मला हुकूम दिला नाही. धमकी दिली नाही. मी आठ वर्षं मनात त्यांना शिव्या घालत आलो, पण खरं तर त्यांनी फक्त दार दाखवलं. आत मी गेलो. त्या रात्री जेवणानंतर नाही, भावनेच्या भरात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता टेबलावर बसून, चांगल्या अक्षरात मी अहवाल लिहिला: 'सदर स्थळावरील भांडारगृह यापूर्वीच अन्य लाभार्थ्याच्या नावे नोंदले गेले आहे. अर्जदाराचा दावा अपात्र.'

त्यातलं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. नोंदलं गेलंच होतं. कुणी नोंदलं, ते त्यात नव्हतं.

त्यानंतरची ग्रामसभा झाली तेव्हा मी तिथं नव्हतो, पण काय झालं ते मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, आणि तिघांनी हसत सांगितलं. पंचायतीच्या सचिवानं माइकवर अपात्रांची यादी वाचली. तिच्या नावापुढे कारण होतं: दुसऱ्याचं भांडार आपलं म्हणून दाखवलं. सभेत आधी कुणाला कळेना. मग मागून एक जण ओरडला, "काकी, कल को म्हारो ट्रैक्टर भी थारो!" आणि सगळी सभा फुटली. जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या मापातली चूक काढली, तिची चोरी माइकवर वाचली गेली. गाव किती दिवसांपासून वाट बघत होतं, ते त्या हसण्यात कळत होतं म्हणे.

ती उठून सचिवापाशी गेली आणि म्हणाली, "यो भंडार म्हारो हे. म्हारा खेत में हे. अपनी आँख से देखी लो." सचिव म्हणाला, "काकी, आँख से नहीं, कागज से चलता है."

ती माझ्याकडेही आली. कार्यालयाच्या व्हरांड्यात मला गाठलं. मी म्हणालो, "अहवाल वर गेला आहे. आता माझ्या हातात काही नाही." ही आमची नेहमीची ओळ, आणि बहुतेक वेळा ती खोटी असते. ती मोठ्यानं म्हणाली, "साब, एक वात बोलो. यो भंडार म्हारो हे के नी? हाँ-ना में बोलो."

आजूबाजूला चार लोक थांबले. मी म्हणालो, "रेकॉर्ड बघावं लागेल."

ती थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला कुंडीत. पण थुंकली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित पचवलं असतं. पण मे महिन्यात भोपाळहून पाहणी येणार अशी बातमी आली, आणि माजी सरपंच घाबरले. त्यांच्या नावावर पैसे आलेले, दाखवायला चाळ नाही. अनुदानाच्या चाळीवर लाभार्थ्याचं नाव आणि योजनेचं नाव रंगवावं लागतं. त्यांनी पेंटर आणला, ती मंडईत गेलेली असताना तिच्या चाळीच्या विटांच्या भिंतीवर पिवळा चौकोन रंगवून घेतला आणि त्यात काळ्या अक्षरांत स्वतःचं नाव. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दो दिन की बात है, टीम गई कि पोत देंगे." त्यांच्या लेखी ही चोरी नव्हती. उधारी होती. त्यांना ती मीच शिकवली होती.

ती मंडईतून आली, तिनं भिंत पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं चाळ उतरवायला सुरुवात केली.

माजी सरपंचांनी तक्रार केली: सरकारी अनुदानातून बांधलेली वास्तू एक बाई पाडते आहे. पंचनाम्याला मला पाठवलं. मी पोचलो तेव्हा निम्मे पत्रे खाली आलेले होते. उन्हात ती वर चढलेली, हातात पाना. हुक सोडवायची, पत्रा सरकवायची, खाली उभे असलेले तेच दोन मजूर झेलायचे. बांधावर वीस-पंचवीस माणसं बघत उभी. कुणी हसत नव्हतं.

मी खालून म्हणालो, "बाई, उतरा. हे करू नका. कायद्यानं गुन्हा होईल."

तिनं खाली पाहिलं. "किनको गुनाह? दूसरा को भंडार तोड़ी री हूँ, इको?"

"तुमचंच नुकसान आहे."

"म्हारो?" ती हसली. "म्हारो तो हे ज नी, साब. तमने ज लिख्यो. फिर म्हारो नुकसान कसो?"

मग ती पाना कमरेला खोचून खाली उतरली, उघड्या पडलेल्या फळीपाशी उभी राहिली आणि ती लोखंडी फीत माझ्या पायाशी टाकली. "लो. अब नापो. चार आंगळ कम हे के जादा?"

मी बसलो आणि पंचनामा लिहिला. पंचांच्या सह्या घेतल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'आपसी वादातून.' तिचं नाव पुढची काही वर्षं कुठल्याही योजनेत घ्यायचं नाही अशी शिफारस त्या फाइलीवर झाली, आणि ती शिफारस माझ्याच अक्षरात आहे. माजी सरपंचांवर काही आलं नाही. वास्तू होती, ती पाडली गेली, असं कागदोपत्री सिद्ध झालं. माझा पंचनामा त्यांच्या कामी आला. पाऊस लागला तेव्हा तिचा कांदा ओसरीत आणि गोठ्यात पसरलेला होता. निम्म्याहून जास्त सडला असं ऐकलं. मी बघायला गेलो नाही.

घरी मी बायकोला काही सांगितलं नव्हतं. निवृत्त झालो, त्याच वर्षी धाकट्याचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला ठेवायची म्हणून आम्ही दोघं गेलो. रांगेत उभे होतो, हातात पत्रिका, मोदक, हार. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साब, मूरती नापी ली? चार आंगळ कम तो नी?"

मी वळलो. ती होती. मुलीबरोबर आलेली, हातात नारळ. केस सगळे पांढरे झालेले. बायकोला वाटलं, कुणी ओळखीची गावाकडची बाई चेष्टा करते आहे. बायको हसून म्हणाली, "आप इनको जानते हो?"

"खूब जानूँ," ती बाई म्हणाली. "इनके हाथ को नाप आखा गाँव जाने."

रांग सरकत होती. मी दोन वर्षं जे घोकलं होतं ते तिथं तोंडाशी आलं. म्हणालो, "बाई, मला तुम्हाला काही सांगायचं होतं. त्या वेळी जे..."

तिनं नारळाचा हात वर केला. "यां नी. यां तो सब माफी माँगने ज आवे. भगवान सस्तो पड़े हे." मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून, "म्हारो नाम माइक पे बाँच्यो थो. पूरा गाँव का सामने. तम भी वंई आओ, माइक पे बोलो. एक ज वात बोलनी हे, के भंडार इनको थो. बाकी माफी-वाफी तमारी तम रखो."

"येईन," मी म्हणालो.

"छब्बीस जनवरी ने ग्रामसभा होयगी," ती म्हणाली आणि पुढे गेली.

परतताना रिक्षात मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं प्रसादाचा पुडा पिशवीत नीट ठेवला. मग म्हणाली, "अहो, मग जाऊन बोलून टाका ना एकदा. काय एवढं? दोन मिनिटांचं काम." धाकट्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, पागल झालात का? तुम्ही स्वतःहून माइकवर कबूल केलं आणि कुणी रेकॉर्ड करून टाकलं तर पेन्शनचा लफडा होईल. लग्न आहे घरात." दोघांचंही बरोबर होतं. मी मुलाचं जास्त बरोबर मानत राहिलो, आणि तरी सव्वीस जानेवारीला स्कूटर काढली. माझ्या आयुष्यातलं ते एक धाडस, आणि त्याचंही मी काय केलं ते ऐका.

पंचायतीपुढे मंडप होता. बायका सतरंजीवर एका बाजूला बसलेल्या, ती त्यांच्यात पुढच्याच ओळीत. तिनं मला येताना पाहिलं आणि पदर सारखा करून ताठ बसली. मी मागे एका खुर्चीवर बसणार, तेवढ्यात माजी सरपंचांनी मला ओळखलं. "अरे, अपने पुराने साब! मराठी साब! ऊपर आओ, ऊपर आओ." दोघांनी हाताला धरून मला व्यासपीठावर नेलं. झेंडूचा हार घातला. माजी सरपंच माझ्या शेजारी बसले, त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर. आणि मग सूत्रसंचालकानं माइक माझ्या हातात दिला. "दो शब्द, साहब."

मला माइक मागावा लागला नाही. तिनं सांगितलेली जागा, तिनं सांगितलेली माणसं, माझ्या हातात माइक. एक वाक्य बोलायचं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. मला तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा असं काही दिसलं जे तोपर्यंत कधी दिसलं नव्हतं. ती माझी वाट बघत होती. मी बोलेन यावर तिचा विश्वास होता.

मी म्हणालो, "इस गाँव ने मुझे बहुत प्रेम दिया." टाळ्या. मी म्हणालो, कांदा या भागाची शान आहे. मी म्हणालो, साठवणुकीचं महत्त्व शेतकरी बंधूंनी ओळखलं पाहिजे, सरकारच्या योजनांचा लाभ घेतला पाहिजे. हे सगळं माझ्या तोंडून आपोआप येत होतं, चाळीस वर्षांची सवय. साठवणूक हा शब्द मी उच्चारला तेव्हा ती उठली. बसल्या जागेची धूळ तिनं लुगड्यावरून दोनदा झटकली, चप्पल घातली आणि मंडपातून बाहेर गेली. मी बोलतच होतो. 'जय हिंद' म्हणून मी माइक परत दिला, तेव्हा माजी सरपंच कानाशी म्हणाले, "क्या बोलते हो साब, मजा आ गया."

त्यानंतर मी त्या गावात गेलो नाही. कार्यालयातले लोक सांगत की निवृत्तीनंतर काही वर्षं उलटली की जुन्या गोष्टीवरून पेन्शनला हात लावता येत नाही. मी ती वर्षं जाऊ दिली. गेली तोवर इंदूर तिथपर्यंत पोचलं, गाव महानगरपालिकेत आलं, पंचायत गेली. पंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. जिथं तिनं मला बोलायला सांगितलं होतं, ती जागा आता सरकारच्या लेखी नाही. हे कळलं त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

ती जिवंत आहे. जमीन बटाईनं देऊन देवासला मुलीकडे राहते. पत्ता मिळवणं अवघड नाही. मला माणसाला शोधून काढायची सवय आहे, तीच तर माझी नोकरी होती. पण अजून गेलो नाही. बायको आता विचारतही नाही. आणि हे सगळं मी मराठीत लिहितो आहे, जी तिला वाचता येणार नाही, आणि कुणाचंही नाव न घालता लिहितो आहे. तिनं हे वाचलं असतं तर विचारलं असतं, साब, इमें म्हारो नाम कठे हे?

जे त्या दिवशी हातात माइक असताना बोलायचं होतं, ते पाठ आहे. खजरान्याच्या रांगेतून बाहेर पडल्यापासून सव्वीस जानेवारीपर्यंत मी ते तिच्याच बोलीत बसवलं होतं, आंघोळ करताना पुटपुटत होतो, म्हणजे उभं राहिल्यावर जीभ अडखळू नये. ते एवढंच होतं:

"ऊ भंडार इनको थो. फर्श भी बराबर थो, बस एक कोना में माटी थी. म्हने सब देख्यो, ने म्हने झूठ लिख्यो."